नाशिकला फुटबॉलचा संघ परवडेल का?

नमस्कार मंडळी. सुरुवात ढोलापासून करतो. केरळात कुठलीही मिरवणूक निघाली, निवडणुकीची असो नाहीतर फुटबॉलची, तर त्यात जे ढोल वाजतात त्यांना तिथले लोक 'नासिक ढोल' म्हणतात. म्हणजे फुटबॉलच्या गल्लीत आपल्या गावाचं नाव आधीच पोचलंय. तिथे संघ त्यांचा आणि ढोल आपला. आपल्या ढोलापुढे आपला संघ कधी खेळेल, हा आजचा विषय.

मी काही फुटबॉलमधला मोठा माणूस नाही. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिले आणि संध्याकाळी पोरांना चेंडू कसा अडवायचा ते शिकवलं. त्यामुळे माझं बोलणं थोडं खतावणीच्या वासाचं असेल, ते चालवून घ्या.

असा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "नाशिक एवढं मोठं शहर, एक संघ नाही चालणार?" 2011 च्या जनगणनेत महानगरपालिकेची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती, आता ती बरीच पुढे गेली असणार. पण डोकी मोजून संघ चालत असते तर पुण्यात एकही संघ बंद पडला नसता. पुण्याचा हिशेब बघा. 2007 मध्ये पुणे एफसी निघाली. पुढे आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि 2015 मध्ये तिचा मुख्य संघ बंद झाला. त्याच सुमारास भारत एफसी आली, एक हंगाम खेळली, संपली. मग डीएसके शिवाजियन्स आली, 2017 मध्ये तीही बाहेर. राहिली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी. 2017-18 मध्ये उपांत्य फेरी गाठली आणि 2019 मध्ये तिची जागा हैदराबादच्या संघाला गेली. एकाच शहरातले चार संघ बारा वर्षांत गेले. बालेवाडीच्या स्टेडियमवर प्रेक्षक येत नव्हते असं कुणी म्हणू नये, मी स्वतः तिथे कोपर चिकटवून बसलोय. मालकांच्या तिजोरीतला पैसा आटला किंवा मन उडालं, एवढंच झालं.

मुंबईतही तेच. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ गुंडाळला. विजेत्याची ही गत, मग तळाला असणाऱ्यांचं काय घेऊन बसलात!

आता उलटं टोक पाहू. मिझोरामचं ऐझॉल, 2011 मध्ये लोकसंख्या तीन लाखांच्या आत. आपल्या पाचव्या हिश्श्याएवढं गाव. 2016-17 मध्ये आय-लीगचे विजेते ऐझॉल एफसी! गंमत म्हणजे त्याआधीच्या हंगामात हेच लोक खालच्या फळीत ढकलले गेले होते, मग परत घेतले गेले. हे कसं जमलं? 2012 पासून त्यांची स्वतःची राज्य लीग सुरू झाली, गावातल्या केबलवाल्यांनी ती घराघरांत दाखवली. शेजारचा पोरगा टीव्हीवर दिसतोय म्हटल्यावर आजीसुद्धा ऑफसाइड शिकते.

आणि इतकं लांब कशाला जायचं? कोल्हापूरला जा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालमींची आहेत आणि फुटबॉल संघांचीही. शाहू स्टेडियमवर पेठेची इज्जत पणाला लागते. तिथला अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुलींचा संघ महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आलाय. पण पुरुषांचा व्यावसायिक संघ राष्ट्रीय पातळीच्या वरच्या दोन फळ्यांत? नाही. वेड भरपूर, पण वेडाचं ताळेबंदात रूपांतर झालेलं नाही. म्हणून नुसतं वेड पुरे, असंही मी म्हणणार नाही.

आता जरा वही उघडतो. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, कुणाच्या ऑडिटमधले नव्हेत. समजा हंगामात घरचे 12 सामने. प्रत्येकाला 4 हजार लोक आले. नाशिकमध्ये 4 हजार म्हणजे मी फार उदार होतोय. तिकीट शंभर रुपये. सगळे मिळून 48 लाख. आता खर्च. 25 खेळाडू, सरासरी 60 हजार महिना, दहा महिने, दीड कोटी. अजून प्रशिक्षक नाही, फिजिओ नाही, राहणं-खाणं नाही, मैदानाचं भाडं नाही. प्रवासाचं तर बोलूच नका. ऐझॉलला किंवा श्रीनगरला पंचवीस-तीस माणसं विमानं बदलत न्यायची आणि नव्वद मिनिटं खेळवून परत आणायची. म्हणजे गेटावर जमलेला पैसा पगाराचा तिसरा हिस्साही भागवत नाही. उरलेलं प्रायोजक देतो, प्रक्षेपणातून येतं नाहीतर मालक खिशातून घालतो. प्रक्षेपणाचा भरवसा किती? 2025 मध्ये फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा होईना, आणि देशातली आता सर्वांत वरची लीग, आयएसएल, तीच वेळेवर सुरू झाली नाही. मोठमोठ्या संघांचे खेळाडू घरी बसले. अशा वेळी नवा दुकानदार गाळा घ्यायला कशाला येईल?

पण पैशाआधी एक गोष्ट येते, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे. 2023 मध्ये वाराणसीच्या नावानं इंटर काशी हा क्लब निघाला. तोवर दुसऱ्या फळीच्या झालेल्या आय-लीगमध्ये आला, चांगला खेळला, 2024-25 चं विजेतेपदही मिळवलं, तेही स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादात भांडून. पण हा काशीचा संघ घरचे सामने कुठे खेळायचा? बंगालमधल्या कल्याणीत. काशीत तसं स्टेडियमच नव्हतं. आपल्याला लोक पश्चिमेची काशी म्हणतात. सिंहस्थ, घाट, पंडे, सगळं जुळतंच आहे, हे एवढं जुळू नये.

आपल्या क्रिकेटवाल्यांनी ही चव घेतली आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिकच्या नावाचा संघ उतरला, हंगाम सगळा पुण्याजवळच्या गहुंज्यात झाला. उलट जानेवारी 2025 मध्ये आपल्या गोल्फ क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला, तेव्हा पोरं शाळा बुडवून झाडांवर चढली होती. घरात खेळ आणला की नाशिककर येतो. पुण्यात नेऊन नाव नाशिकचं लावलं तर तो मिसळ खायला जातो.

मग फुटबॉलसाठी घर कुठे आहे? पंचवटीतल्या क्रीडा संकुलात धावपट्टी छान आहे. कविता राऊत, संजीवनी जाधव या धावपटू नाशिकनंच दिल्या, त्यामुळे धावपट्टीबद्दल तक्रार नाही. पण धावपट्टीच्या मधोमध फुटबॉल ठेवला की प्रेक्षक आणि टचलाइन, म्हणजे मैदानाची कडेची रेघ, यांच्यात आठ मार्गिका पडतात. खेळाडूचा घाम दिसत नाही आणि प्रेक्षकाची शिवी पोचत नाही! फुटबॉलला 105 बाय 68 मीटरचा आयत लागतो आणि त्याला लागून बसायला पायऱ्या.

मागच्या पावसाळ्यात मी एका शालेय सामन्याला गेलो होतो. मैदान काळ्या मातीचं. त्याआधी तिथे कसलंसं प्रदर्शन झालेलं, तंबूचे खुंट उपटलेल्या जागी खड्डे, त्यात पाणी. चेंडू जोरात यायचा आणि खड्ड्यात म्हशीसारखा बसायचा. गोलची जाळी फाटलेली होती म्हणून एका मुलाच्या वडिलांनी पिंपळगावहून द्राक्षबागेवरची पक्ष्यांसाठीची जाळी आणली होती. इतकी बारीक की चेंडू आत गेला की गुंडाळूनच बाहेर यायचा. मी प्रेक्षक मोजले, सवय आहे. एकसष्ट. त्यात चहावाला धरला आहे. पण त्या एकसष्टातली एक आई, पदर डोक्यावर, गोलच्या मागे उभी राहून पूर्ण वेळ ओरडत होती, "दोन्ही हातांनी धर रे!" तिचा मुलगा गोलकीपर नव्हे, फॉरवर्ड होता. तिला जागा सांगायला मला धीर झाला नाही.

अशी पोरं सोळाव्या वर्षापर्यंत इथे खेळतात. त्यातला चांगला असेल तो मुंबईला किंवा पुण्याला जातो, उरलेला बारावीच्या क्लासला. वरच्या वयाला इथे खेळायला काही नाहीच. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: आयएसएलचा संघ नाशिकला आज परवडणार नाही, आणि कुणी आयता आणून दिला तरी पुण्यासारखा तीन-चार वर्षांत जाईल. राज्य पातळीवर खेळणारा, पंधरा-वीस पगारी पोरांचा, बसनं प्रवास करणारा क्लब मात्र परवडेल. जमशेदपूरमध्ये टाटांनी 1987 मध्ये आधी अकादमी काढली, आयएसएलचा संघ तीस वर्षांनी, 2017 मध्ये आला. आपल्याकडे एक टाटा नाही हे खरं, पण सातपूर-अंबडला कारखान्यांची रांग आहे, आणि एकावर सगळं ओझं टाकण्यापेक्षा दहा जणांनी थोडं थोडं उचललेलं मला हिशेबनीस म्हणून जास्त सुरक्षित वाटतं. एकानं काढता पाय घेतला तरी नऊ उरतात.

महापालिकेकडे मागायचं ते एकच: आठवड्यातले दोन दिवस फक्त फुटबॉलसाठी राखलेलं मैदान. लग्न नाही, सभा नाही, 2027 च्या सिंहस्थात पार्किंग नाही. कुंपण, दोन बाजूंना पायऱ्या आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. हे शेवटचं मी आग्रहानं सांगतोय, ती आई दीड तास उभी होती.

आत्ता समोरून एकानं विचारलं, सामना कधी ठेवायचा. शनिवारी, पाच वाजता. रविवारी सकाळ मिसळीची, संध्याकाळ सासुरवाडीची. आमच्या कारखान्यात पहिली पाळी साडेतीनला सुटायची. हातपाय धुऊन, डबा सायकलला अडकवून माणूस साडेचारला पंचवटीत पोचतो, पहिला हाफ चुकत नाही. ढोलवाल्यांना चार वाजता बोलवा, त्यांना ढोल तापवायला वेळ लागतो.