खानापूरच्या ओसरीवरून

(पहाट. बेळगाव, उद्यमबाग. फाउंड्रीचं शटर वर जातंय.)

भट्टी अजून पेटायची आहे. या फाउंड्रीचा सगळा हिशेब पुण्यातल्या एका सर्व्हरवर आहे, आणि तो सांभाळणारी मुलगी बसते खानापुरात, आजीच्या घरी, ओसरीवर.

(खानापूर. पाऊस. कौलांवरून पागोळ्या. लॅपटॉपची काळी खिडकी.)

अशा लांबच्या संगणकात शिरायला पूर्वी टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जायचा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी कान लावला आणि पासवर्ड चोरले. तिथल्याच तातू युलोनेन यांनी मग एसएसएच लिहिलं, लांबच्या संगणकाशी सगळं बोलणं कुलूपबंद करून नेणारा प्रोग्राम. संगणकात शिरायच्या दारांना नंबर असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. फायली पाठवणाऱ्या एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ त्यांनी मागितलं आणि मिळालं. आज ही मुलगी त्याच २२ नंबरच्या दारातून आत जाते.

तिच्याकडे किल्ल्यांची जोडी आहे. सार्वजनिक किल्ली पुण्याच्या सर्व्हरवर ठेवलेली. खासगी किल्ली तिच्या लॅपटॉपवरच, तीही सांकेतिक वाक्यानं कुलूपबंद. आत शिरताना खासगी किल्लीनं एक सही होते आणि सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीनं ताडून बघतो. किल्ली स्वतः वाटेवर येतच नाही, मग चोरणार काय?

पण समोरचा सर्व्हर खरा आपलाच कशावरून?

(पडदा जवळून. अक्षरांची लांबलचक ओळ.)

पहिल्यांदा जोडताना एसएसएच सर्व्हरचा ठसा, म्हणजे त्याच्या किल्लीची ओळखखूण, दाखवतं, ४३ अक्षरांचा, आणि विचारतं, पुढे जाऊ का? बहुतेक जण न वाचताच यस लिहून मोकळे होतात. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. मध्येच कुणी तोतया सर्व्हर उभा केला असेल, तर सगळं एन्क्रिप्शन, म्हणजे ही कुलूपबंदी, त्याच्याशीच होणार. नीट, पक्कं, आणि चोराच्या घरात.

गेल्या आठवड्यात सर्व्हर बदलला. नवा ठसा आला. मुलीनं हात आखडला, पुण्याला फोन लावला.

“दादा, तुमच्या पडद्यावरचा ठसा वाचून दाखवा की.”

“सगळा?”

“सगळा. सावकाश.”

(पावसाचा आवाज. फोनवरचा आवाज: “कॅपिटल के... स्मॉल टी... सात...” मुलीचं बोट पडद्यावर एकेक अक्षर पुढे सरकतंय. आजी चहाचा कप शेजारी ठेवून जाते. त्रेचाळिसावं अक्षर. मुलगी यस टाइप करते.)