उभं राहिल्यावरचं बीपी

मे महिना, नागपूर, सकाळचे साडेसहा. वृद्धाश्रमात चहा व्हायचाय अजून. आजोबा पलंगावर आडवेच आहेत, ताईंनी दंडाला पट्टा बांधलाय पण मशीन सुरू नाही केलं, कारण आधी पाच मिनिटं निवांत पडून राहायचं, बोलायचं पण नाही. आता दाबलं बटण. १४२ वर ८०. बहुतेक ठिकाणी हाच आकडा वहीत लिहून मोकळे होतात, आणि आमचं म्हणणं हेच आहे की एवढ्यावर थांबू नका.

आता आजोबांना धरून उभं केलंय. ताईंनी त्यांचा हात छातीच्या उंचीवर उचलून धरलाय बघा, तो खाली लोंबला तर मशीन जास्त दाखवतं आणि खरं पडलेलं बीपी लपून जातं. उभं राहून एक मिनिट झालं की एकदा मोजायचं, तीन मिनिटांनी परत. स्क्रीनवर वरचा आकडा ११६ आलाय. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरला सांगायलाच हवं, चक्कर आली नसली तरी.

आपण उठलो की अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांना ते लगेच कळतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. म्हातारपणी हे सगळं हळू होतं, जुन्या शुगरनं नसा खराब झाल्या असतील तर अजूनच. त्यात हा डबा बघा, बीपीची गोळी, लघवी जास्त होणारी गोळी, प्रोस्टेटची, कुणाला पार्किन्सनची, सगळ्यांनी बीपी खाली येऊ शकतं. आणि वरून नागपूरचं ४५ डिग्री ऊन, म्हाताऱ्या माणसांना तहान कमीच लागते, पुन्हा रात्री उठावं लागेल म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद.

अमेरिकेतल्या ४५ नर्सिंग होममध्ये, म्हणजे तिकडच्या वृद्धाश्रमांत, असं मोजलं होतं, तो अभ्यास १९९७ मध्ये छापून आला, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांचं बीपी कधी ना कधी पडलेलं सापडलं, सगळ्यात जास्त सकाळी नाश्त्याच्या आधी. बीपी असं उतरलं की चक्कर येऊन माणूस पडू शकतो, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं की कित्येक जण परत पहिल्यासारखं चालत नाहीत.

या आजी बघा, उठायच्या आधी ग्लासभर पाणी, मग पलंगाच्या काठावर पाय सोडून बसल्यात आणि पंजे वर-खाली करताहेत, घाई नाही. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, ते डॉक्टर ठरवतील, म्हणून तर वहीत आता दोन रकाने आहेत, पडून आणि उभं. जेवण झाल्यावर पण बीपी उतरतं, त्यामुळे दुपारी ताई परत येणार.