भोक पडलेलं पान

मागे एका पुष्पप्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. हातात गुणांचा तक्ता, समोर रांगेत मांडलेल्या कुंड्या. एका कुंडीपाशी थांबले, तर पानाला करंगळी जाईल एवढं भोक आणि भोकाच्या कडेला एक गलेलठ्ठ अळी. कुंडीवाल्या बाई अगदी कानकोंड्या झाल्या. "सकाळीच एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलं होतं हो," म्हणाल्या. मी नियमाप्रमाणे गुण कापले. आज बोलायचंय ते त्या भोकाबद्दल.

आधीच सांगून टाकते, मला पुष्पप्रदर्शनं मनापासून आवडतात. हे ऐकून निसर्गवाली मंडळी जरा नाक मुरडतात. मुरडू देत. लंडनचं चेल्सी फ्लॉवर शो 1913 मध्ये चेल्सीला आलं, महायुद्धांमुळे दोनदा बंद पडलं आणि दोन्ही वेळा परत उभं राहिलं. शेवटच्या दिवशी तिथे घंटा वाजते नि मांडलेली झाडं विकायला निघतात. मग माणसाएवढं उंच डेल्फिनियम कवटाळून लोक आगगाडीत चढतात. असल्या वेडाला मी कशाला नावं ठेवू?

पण प्रदर्शनात एक करून बघा. शंभर पाकळ्यांच्या गुलाबासमोर उभ्या राहा आणि त्याच्यात पुंकेसर शोधा. रानगुलाबाला बहुधा पाचच पाकळ्या असतात, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. आपण निवडत निवडत त्या पुंकेसरांच्याच पाकळ्या करून टाकल्या. हा नाद आजचा नाही, थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतीअभ्यासकानं 2300 वर्षांपूर्वी शंभर पाकळ्यांचे गुलाब नोंदवलेत. आपल्याला फूल भरगच्च दिसतं, मधमाशीला मात्र तिथे पराग जवळजवळ नसतो, आणि थोडाफार असला तरी पाकळ्यांच्या गर्दीतून वाट सापडत नाही. जेवणाचं ताट नक्षीनं भरलंय, भात कुठेच नाही.

तरी मधाचं एक वेळ भागतं. परदेशी झाडावरही फुलपाखरं मध प्यायला येतात, आणि आपण खूश होतो. खरी अडचण त्यांच्या पिल्लांची. अळीला चालतं ते ठरावीक पान. मोनार्क फुलपाखराची अळी फक्त मिल्कवीड खाते. आपल्या रुईच्याच कुळातलं हे झाड. त्याचा चीक विषारी आणि चिकट, तोंड लावणाऱ्याचे जबडेच चिकटावेत असा. ही अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, आणि मग निवांत जेवायला बसते. उरलेलं विष अंगात साठवून पक्ष्यांना दूर ठेवते. झाड नि कीटक यांचं हे भांडण लाखो वर्षं एकत्र राहून मुरलेलं असतं. बाहेरून आणलेल्या झाडाशी असं भांडायला तिथे फारसं कुणी नसतं. रोपवाटिकेत 'कीड लागत नाही' म्हणून त्याची तारीफ होते, तेव्हा मला दिसतो तो उपाशी पक्षी.

उगाच नाही म्हणत. चिकडी नावाचा पक्षी जेमतेम 10 ग्रॅमचा. त्याच्या एका वेळच्या पिल्लांना वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असा हिशेब कीटकतज्ज्ञ डग टॅलमी देतात. या अळ्या येणार कुठून? भोकं पडलेल्या पानांवरूनच ना?

प्रदर्शनवाल्यांनाही हे उमगू लागलंय. 2022 मध्ये चेल्सीचा सर्वोत्कृष्ट बागेचा मान मिळाला तो बीव्हर या पाण्यातल्या प्राण्यानं बांधावा तशा काटक्यांच्या बंधाऱ्याला, पाणथळीला आणि रानफुलांना. काही जण वैतागले, ही कसली बाग म्हणून. मला मात्र त्या परीक्षकांचा हेवा वाटला, कारण माझ्या तक्त्यात असल्या बागेसाठी रकानाच नव्हता.

तर ती अळी. प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. तिसऱ्या दिवशी गेले तर पहिल्या बक्षिसाच्या गुलाबापाशी कुणी नव्हतं. सगळी पोरं त्या कुंडीभोवती उकिडवी बसली होती. कुंडीच्या काठाखाली अळी उलटी लटकली होती आणि तिची कातडी हळूहळू सुटत होती. आतून हिरवा कोष बाहेर येत होता. बाई आता आलेल्या-गेलेल्याला हाताला धरून दाखवत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या, तुम्हीही बसा. गुण राहू देत."

मी बसले. गुण काही बदलले नाहीत, तक्ता आधीच कचेरीत गेला होता.