परक्या चाली, घरची गाणी

मंडळी, जपानी गायिका मारिया ताकेउची यांचा 'लाँगटाइम फेव्हरिट्स' हा अल्बम २००३ साली आला, तेव्हा त्यांच्या नावावर पंचवीस वर्षांची कारकीर्द होती. स्वतः गीतं लिहिणारी, चाली बांधणारी गायिका. आणि इथे मात्र मुख्यतः १९६०च्या दशकातली, दुसऱ्यांनी गाजवलेली परदेशी गाणी. असा अल्बम म्हणजे नवं काही सुचत नाही म्हणून केलेली सोय, असं सर्रास बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही.

ताकेउचींचा जन्म १९५५ सालचा, शिमाने प्रांतातला. इझुमोच्या विख्यात देवस्थानाजवळ त्यांच्या घरचं जुनं अतिथिगृह आहे. टोकियोपासून गाव खूप लांब, पण परदेशी चाली तोवर जपानी शब्द लेवून घरोघरी पोचल्या होत्या. शोइची कुसानो हे प्रकाशक 'केंजी साझानामी' या टोपणनावाने असे शब्द लिहायचे, आणि मिएको हिरोता, मिए नाकाओ यांच्यासारख्या कोवळ्या वयाच्या मुली ते गायच्या. मूळ गायिकाही मागे राहिल्या नाहीत. अमेरिकेच्या कॉनी फ्रान्सिस जपानीत गायल्या. इटलीच्या मीना यांनी आपलं 'उन बुको नेल्ला साब्बिया' हे गाणं जपानीत ध्वनिमुद्रित केलं. त्या पिढीच्या पोरांना ही गाणी पाहुणी वाटलीच नाहीत, ती त्यांच्या बालपणाचीच होती! म्हणून 'पाश्चात्त्य गाण्यांचा अल्बम' हे वर्णन मला अपुरं वाटतं. ताकेउची इथे आपल्या लहानपणीचा जपान गातात.

निर्मिती त्यांचे पती तात्सुरो यामाशिता यांची. जुन्या गाण्याला नव्या ठेक्याचा मुलामा चढवायचा मोह त्यांनी टाळला, ही मोठी गोष्ट. चाल पुढे, वाद्यमेळ तिच्या पाठीशी.

आता एका गाण्यापाशी जरा थांबू. 'समथिन स्टुपिड' १९६७ साली फ्रँक आणि नॅन्सी सिनात्रा या बापलेकीने गाजवलं. या द्वंद्वगीतात सवाल-जवाब नाहीत. दोघं जवळजवळ सगळं गाणं बरोबरच गातात. ओळी लांब, शब्दांची दाटी, दम घ्यायला जागा थोडी. एकाने आवाज जरा चढवला की दुसरा झाकोळलाच! ताकेउचींच्या जोडीला इथे गायक-संगीतकार एइची ओताकी आहेत. यामाशितांच्या 'शुगर बेब' या बँडचा १९७५चा अल्बम ओताकींच्याच 'नायागारा' लेबलवर निघाला होता. १९८४ नंतर ओताकींनी स्वतःचा नवा अल्बम काढला नाही. २०१३ साली ते गेले. असा माणूस इथे बाजूला उभा राहून, आपलं वजन न दाखवता, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवतो. एवढ्या एका गाण्यासाठीसुद्धा मी हा अल्बम जपून ठेवीन.

बोलणं पुरे. आधी मीनांचं जपानी ध्वनिमुद्रण लावतो, लगेच त्याच गाण्याचं ताकेउचींचं. जपानी येत नसेल तरी बिघडत नाही, ओळीच्या शेवटी आवाज कसा सोडलाय तिकडे कान द्या.