काळी तीनचा षड्ज: एका पहिल्या अल्बमची वाट पाहताना

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की मी आधुनिक संगीतावर बोलणार आहे. माझा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. मला एका अल्बमविषयी बोलायचंय, आणि तो अजून आलेला नाही. माझा एक मित्र, मिरजेचा, गेली पंचवीस वर्षं सायट्रान्स नावाचं संगीत करतो, म्हणजे सिंथेसायझरवर केलेलं, रात्रभर नाचायचं संगीत. त्याचा पहिला अल्बम यंदा पावसाळा संपला की येतोय. अल्बम हातात पडेपर्यंत आपल्या नावाची चर्चा नको असं त्यानं बजावलंय, म्हणून नाव घेत नाही.

सुरुवात मिरज जंक्शनपासून करतो. इथं बसलेल्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल, कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्याआधी मुंबईहून रेल्वेनं गोव्याला जायचं तर मिरजेला उतरून गाडी बदलावी लागे. इथवर मोठे रूळ, इथून पुढं लोंढ्यावरून वास्कोपर्यंत मीटरगेज. त्यामुळं गोव्याला निघालेले लांब केसांचे, अनवाणी गोरे पोरंपोरी मी लहानपणी मिरजेच्या फलाटावर पथारी टाकून झोपलेले पाहिलेत. त्यांच्याकडं बासऱ्या असत, गिटार असे, कुणाकुणाकडं आपल्या मिरजेत घेतलेली सतारही असे. ती माणसं हणजूणच्या किनाऱ्यावर जाऊन काय करतात याचा आम्हाला पत्ता नव्हता.

ते पुढं कळलं. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर रॉक वाजायचं. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरचं संगीत आलं. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल हा त्यातला सर्वांत जाणता माणूस. तो २०२३ मध्ये गोव्यातच वारला. सलग चोवीस चोवीस तास वाजवायचा. नव्वदच्या दशकात या सगळ्याला 'गोवा ट्रान्स' असं नाव पडलं, लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय, टिप अशा कंपन्या निघाल्या, इस्रायलमध्ये तर ते घराघरांत गेलं. त्याचंच पुढचं, जास्त घट्ट विणीचं रूप म्हणजे सायट्रान्स.

माझा या सगळ्याशी संबंध दुकानामुळं. सांगलीत माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. एक दिवस हा मिरजेचा पोरगा एक लहानगी कॅसेट घेऊन आला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. ती डॅट होती, डिजिटल ऑडिओ टेप. सोनीनं १९८७ मध्ये आणलेली. गोव्यातले डीजे तबकड्या वाजवत नसत, कारण उन्हानं तबकडी वाकते आणि वाळूनं खरवडते. म्हणून सगळा कारभार आधी साध्या कॅसेटवर आणि मग डॅटवर चाले. मात्र किनाऱ्यावरच्या दमट हवेत फितीला बुरशी येते. त्याच्या कॅसेटमधली फीत चिकटली होती. दोन दिवस खपून मी ती सोडवली, आणि चालते का पाहायला आम्ही दोघांनी दुकानातच लावली. ऐकून मला काही कळलं नाही. पण तो ज्या पद्धतीनं मान खाली घालून ऐकत होता, ती पद्धत माझ्या ओळखीची होती. तंबोऱ्याला जवारी लावणारा माणूस तसा ऐकतो.

तो सतारमेकर गल्लीतला. वडील तंबोरे करतात. मिरजेचा तंबोरा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पंढरपूरकडचा भोपळा, महिनोन् महिने वाळवलेला, त्याच्यावर तुणाचं लाकूड, आणि शेवटी जवारी. भौगोलिक मानांकन आता मिळालं, पण अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले त्या काळापासून या गल्लीचा शब्द गवयांमध्ये अखेरचा मानला जातो.

जवारीवर थोडं थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता घासलेला असतो. तार तिथून सुटताना त्या उताराला चाटून जाते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एक जागा सापडते, जिथं तार नुसती वाजत नाही, फुलते. एका षड्जातून त्याचे वरचे स्वर एकामागून एक निघतात. पंचम ऐकू येतो, गंधार ऐकू येतो, आणि छेडलेला असतो फक्त षड्ज.

आता सिंथेसायझरकडं या. त्यात करवतीच्या दात्यांसारखी एक लहर असते. त्या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे वरचे स्वर ठासून भरलेले असतात. तिच्यापुढं एक गाळणी लावतात, फिल्टर. गाळणी बंद असली की खालचा गुबगुबीत स्वर तेवढा येतो. बटण हळूहळू फिरवलं की वरचे स्वर एकेक करून बाहेर पडतात. दुसरं एक बटण त्या उघडत्या कडेवरच्या स्वराला धार देतं. सायट्रान्समध्ये जो चिवचिवणारा, पिळवटणारा, जिवंत वाटणारा आवाज येतो तो बहुतेक वेळा या दोन बटणांचा खेळ असतो. माझ्या मित्रानं पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी वाजता वाजता जवारी लावतंय. तो गोव्याला चार दिवसांसाठी गेला होता. परत आला तो हे शिकायचंच ठरवून.

आणि यात षड्ज हलत नाही. आठ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये बेस, म्हणजे खालचा जाड सूर, बहुधा एकाच स्वरावर राहतो. पाश्चात्त्य कानाला ते कंटाळवाणं वाटू शकतं. आपल्याला का वाटावं? आपण जन्मभर एका षड्जावर मैफली ऐकत आलो.

इथं चरणजित सिंग यांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. मुंबईचे, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं जोडून दहा राग वाजवले आणि एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. त्यातलं टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं होतं. ते खपलं नाही, १९८४ पर्यंत बंदही पडलं. १९८७ च्या सुमारास शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून ॲसिड हाऊस नावाचं नाचाचं संगीत काढलं आणि जगभर त्याचं नाव झालं. चरणजितजींची तबकडी मात्र पडून राहिली, ती थेट २०१० मध्ये पुन्हा निघाली. तोवर ते सत्तरीत होते. मग त्यांना परदेशातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. त्या तबकडीतला भैरव ऐका. घरी जाऊन आजच ऐका.

आता तालाकडं येतो. सायट्रान्सची लय मिनिटाला साधारण १४५ ठोक्यांची. म्हणजे एका ठोक्याला सेकंदाचा चार दशांश भाग, त्याची चौगुन, म्हणजे एकेका अक्षराला जेमतेम एक दशांश सेकंद. पहिल्या अक्षरावर किक, म्हणजे ढोलासारखा ठोका, उरलेल्या तिन्हींवर बेस. धुम्-ग-ग-ग, धुम्-ग-ग-ग. लिहून काढायला एवढंच. पण किकची शेपटी बेसच्या अंगावर गेली तर सगळा चिखल होतो. दोघांच्या लहरी उलट्या पडल्या, एक वर जाताना दुसरी खाली आली, तर दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि एवढ्या मोठ्या स्पीकरमधून पोकळ हवा येते. आठ मिनिटांत हा ठोका १,१६० वेळा पडतो. एकदा चुकलेली गोष्ट १,१६० वेळा चुकते. माझ्या मित्रानं नुसत्या किक आणि बेसवर तीन-चार वर्षं घालवली. मी तेव्हा त्याला वेडा म्हणायचो. नंतर त्याच्या वडिलांना एका घोडीवर चार दिवस बसलेलं पाहिलं आणि बोलायचं सोडलं.

आपल्याकडं मिरवणुकीत डॉल्बी लागतो, छातीत धडकी भरते, घरातली भांडी हलतात. काहींना वाटत असेल हाच तो प्रकार. ते मोठ्या आवाजाचं आहे, हे आवाजाच्या नेमकेपणाचं आहे. आणि अमली पदार्थांचं काय, असंही मनात आलं असेल. गोव्याच्या पार्ट्यांशी ते नाव जोडलं गेलं ते खोटं नाही, तिथं माणसं गेलीत, घरं उद्ध्वस्त झालीत, त्याची मी सफाई देणार नाही. माझा मित्र सुपारीही खात नाही. मला बोलायचंय ते त्याच्या कामाबद्दल.

मग पंचवीस वर्षं अल्बम का नाही? हॅल्युसिनोजेन या नावानं हेच संगीत करणाऱ्या सायमन पोसफर्डचा पहिला अल्बम 'ट्विस्टेड' १९९५ मध्ये आला तेव्हा तो चोविशीच्या आसपास होता. 'इन्फेक्टेड मशरूम'च्या दोघा इस्रायली पोरांचा पहिला १९९९ मध्ये, तीही तरुणच.

एक कारण या संगीताच्या घडणीतच आहे. यातला ट्रॅक डीजेसाठी असतो. त्याची पहिली दीड मिनिटं आणि शेवटचं मिनिट मुद्दाम मोकळं ठेवतात, म्हणजे दुसऱ्याच्या ट्रॅकमध्ये तो विरघळवता यावा. तो दुसऱ्याच्या रात्रीत बसवायचा चिरा. कंपन्याही दहा जणांचे दहा ट्रॅक घेऊन संकलनं काढायच्या. माझ्या मित्राचे असे तीसेक ट्रॅक युरोपातल्या छोट्या कंपन्यांच्या संकलनांत आहेत. पोर्तुगालच्या माळावर हजारो माणसं त्याच्या बेसवर नाचली असतील आणि सांगलीत त्याच्या शेजाऱ्याला तो काय करतो हे माहीत नाही.

मग सीडीचा धंदा बसला. एका कंपनीनं त्याचा अल्बम घ्यायचं कबूल केलं होतं, ती बंद झाली. नंतर संगणक बदलले, प्रोग्रॅम बदलले, जुनी कामं नव्या यंत्रावर उघडेनात. मग २०१९ चा ऑगस्ट. तोवर त्यानं सांगलीत गावभागात तळमजल्यावर खोली घेतली होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली हे तुम्हाला मी काय सांगावं, या सभागृहात असं कोण आहे ज्याचं काही भिजलं नाही. पाणी उतरल्यावर आम्ही दोघं आत गेलो. भिंतीवर डोक्याच्या वर चिखलाची रेघ. सिंथेसायझर उचलला तर कडेनं गाळ ओघळला. तीन हार्ड डिस्क होत्या. एकीतून थोडंफार निघालं, दोन गेल्या. अल्बमचे सात ट्रॅक त्या दोघींत होते. तो दारातच बसला. त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही.

आठ महिन्यांनी त्यानं पुन्हा पहिल्या किकपासून सुरुवात केली. मी विचारलं, आठवून तेच करतोयस का? म्हणाला, दादा, ते पाठांतर झालं असतं. ते सात मला नीट आठवतात, म्हणून ते सोडून दिलेत.

कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. त्यांनी मुद्रण होऊ दिलं नाही आणि ती गायकी शिष्यांच्या गळ्यातूनच आपल्यापर्यंत आली. करीम खाँसाहेबांनी मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग बसवला. मला वाटतं, माझा मित्र इतकी वर्षं या दोन टोकांच्या मध्ये उभा होता. नाचणाऱ्यांपुढं वाजवलं की त्याला सगळं सांगून झाल्यासारखं वाटायचं. अल्बमची गरज वडील आजारी पडल्यावर वाटायला लागली. वडिलांनी त्याचं संगीत कधी पुरतं ऐकलं नव्हतं. पार्टीत ते येणार नाहीत. घरी बसून ऐकता येईल असं काहीतरी हवं होतं, ज्याला सुरुवात असेल, शेवट असेल आणि मध्ये दुसरा कुणी डीजे नसेल.

मी तीन ट्रॅक ऐकलेत, अजून पक्के झालेले नाहीत. पहिल्याची सुरुवात वडिलांच्या तंबोऱ्यानं आहे. त्यात एक अडचण होती. वडील पुरुषी तंबोरा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावतात. त्याचा षड्ज थेट बेसला दिला तर तो सेकंदाला पस्तीस कंपनांच्या खाली जातो आणि बहुतेक स्पीकर तिथं बोलतच नाहीत. म्हणून त्यानं बायकांचा तंबोरा घेतला, काळी तीनला लावला. त्याची जोडीची तार सेकंदाला १८५ वेळा कापते. दोन सप्तकं खाली आलं की ४६. बेस तिथं छान बसतो, छातीत लागतो, कानाला टोचत नाही. दोन मिनिटं नुसता तंबोरा आहे. मग त्या झंकारातले वरचे स्वर हळूहळू धारदार होत जातात आणि तार कधी संपली, करवतीची लहर कधी सुरू झाली, हे मला पाच वेळा ऐकूनही सांगता आलं नाही. मी चाळीस वर्षं आवाजाची यंत्रं उघडली आहेत, तरी नाही.

दुसऱ्या ट्रॅकविषयी माझी तक्रार आहे आणि ती मी त्याला सांगितली आहे. मध्यभागी तो फार वेळ कसब दाखवत बसतो. पंचवीस वर्षांचं साठलेलं सगळं एकदम ओतायचा मोह पहिल्या अल्बमला होतो, आणि उशिरा आलेल्या पहिल्या अल्बमला जास्तच होतो. मला तीच एक धास्ती आहे. तिसऱ्यात ती चूक नाही. तिसऱ्यात एका जागी किक थांबते, बेस थांबतो आणि आठ मात्रा काहीच वाजत नाही. एवढी शांतता ठेवायचं धाडस तिशीत त्याच्याकडं नव्हतं.

अल्बम सत्तर मिनिटांच्या आसपास असेल, म्हणजे दहा हजारांच्या आसपास ठोके. तुम्हाला विनंती एवढीच, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ४६ कंपनांचा स्वर त्यातून येतच नाही, म्हणजे षड्जच ऐकायचा राहून जाईल. बऱ्यापैकी हेडफोन कुणाकडून तरी उसने आणा.

पहिलं ऐकणं कुठं करायचं हे ठरलंय. पुणं नाही, गोवा नाही. सतारमेकर गल्लीत, वडिलांच्या कारखान्यात. मोठे स्पीकर मी लावून देणार आहे. तिथं भिंतीला ओळीनं तयार तंबोरे टांगलेले असतात. वडिलांची तब्येत आता बरी आहे. आम्ही हा बेत सांगितला तेव्हा त्यांनी बाकी काही विचारलं नाही, षड्ज कुठला एवढंच विचारलं. काळी तीन म्हटल्यावर ते उठले, भिंतीवरचे सहा तंबोरे उतरवले आणि काळी तीनला लावून परत टांगले. बेस सुरू झाला की ते कुणी हात न लावता बोलायला लागतील.