हरवलेल्या चिठ्ठीचा तास

मित्रहो, आपण सगळी शिकवणारी माणसं, तेव्हा प्रदर्शनातला तो थर्माकोलचा नमुना तुमच्याही ओळखीचा असेल. मधोमध निळा गोल, भोवती खोक्यांचे संगणक, लोकरीच्या तारा आणि वर ठळक अक्षरांत ‘इंटरनेट’. मुलांनी त्यासाठी रात्री जागवलेल्या असतात, म्हणून मी त्यांचं कौतुकच करतो. पण एकदा एका मुलीला मी विचारलं, “ही लोकर तुटली तर?” ती चटकन म्हणाली, “चिकटवून देते, सर.” तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या प्रकल्पात बिघडायला जागाच ठेवलेली नव्हती, आणि इंटरनेट तर बिघाड गृहीत धरूनच बांधलेलं आहे.

म्हणून आज माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. मुलांच्या प्रकल्पात काहीतरी हरवू द्या.

१९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे एकाच कल्पनेपाशी पोहोचले. संदेश अखंड पाठवायचा नाही, त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा जी वाट मोकळी असेल तिने जाऊ द्यायचा. त्या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिलं. हे फळ्यावर लिहिलं की मुलं पाठ करतात. मी हल्ली लिहीत नाही, चिठ्ठ्या वाटतो.

पहिल्या बाकावरचा मुलगा एक वाक्य लिहितो आणि कापून त्याच्या आठ चिठ्ठ्या करतो. त्या पोहोचवायच्या शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे. मधली मुलं म्हणजे राउटर, इंटरनेटवर पॅकेट पुढे धाडणारी यंत्रं. अट एवढीच, की चिठ्ठी फक्त शेजाऱ्याच्या हातात द्यायची. मी मधून फिरत असतो आणि एखादी चिठ्ठी हळूच खिशात घालतो.

पहिल्या फेरीत तिच्या हाती सहाच चिठ्ठ्या येतात, त्याही उलटसुलट. वर्गात गलका होतो. कोणीतरी ओरडतं, “नंबर घाला!” पुढच्या फेरीत प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात क्रमांक येतो, कोणाकडून आणि कोणाला हेही येतं. चौथी आलेली नाही हे आता कळतं, पण पाठवणाऱ्याला ते कसं कळणार? मग पोच द्यायचं ठरतं. पोच आली नाही तर तीच चिठ्ठी पुन्हा धाडायची. इथे मी एक पोचच खिशात घालतो. मुलगा थोडं थांबतो आणि पाचवी चिठ्ठी परत पाठवतो. मुलीच्या हातात पाच नंबरच्या दोन चिठ्ठ्या! ती दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघते, एक बाजूला सारते आणि पुन्हा पोच धाडते. कोणीही सांगितलेलं नसताना. इंटरनेटचे मूळ नियम आखणारे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांच्या १९७४च्या शोधनिबंधात क्रमांक, पोच आणि पुन्हा पाठवणं हे सगळं आहे. मुलांना मी तो निबंध या तासानंतर दाखवतो, आधी नाही. आधी दाखवला की त्यांचा शोध हिरावला जातो.

एकदा एक चिठ्ठी दोन मुलांमध्येच फिरत राहिली. वाट दुसऱ्याकडूनच आहे, अशी दोघांचीही खात्री होती. वर्गाने नियम केला, ‘दहा हात झाले की फाडा.’ खऱ्या पॅकेटवरही असा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला तसं कळवतो. व्हॅन जेकबसन यांनी याचाच उपयोग करून ‘ट्रेसराउट’ हा पॅकेटची वाट दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. पॅकेटवर आधी आकडा १ घालून पाठवायचं, मग २, मग ३, असं करत वाटेतले राउटर एकेक करून आपली ओळख देतात. काही गप्प बसतात, तिथे पडद्यावर नुसते तारे (*) उमटतात. तेही वहीत उतरवायला सांगा.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकल्प. इंटरनेटच्या काचतंतूत (ऑप्टिकल फायबरमध्ये) प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. समजा, एका सर्व्हरचा पत्ता कुठेतरी दूरच्या खंडातला म्हणून नोंदलेला आहे, पण त्याचं उत्तर १० मिलिसेकंदांत आलं. जाऊन-येऊन २,००० किलोमीटर, म्हणजे तो १,००० किलोमीटरपलीकडे असूच शकत नाही. मुलं पृथ्वीच्या गोलावर दोरा धरून वर्तुळ काढतात आणि छापील माहिती खोटी ठरवतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती केवढं हे बळ!

चिठ्ठ्यांच्या तासाला एका मुलाने विचारलं होतं, “सर, पोच पोहोचली याची पोच कोण देणार?” मी खडू त्याच्याच हातात दिला. वर्गाने बाणांमागून बाण काढले, फळा भरला, तरी शेवटचा बाण अधांतरीच. वाटेत निरोप हरवू शकत असेल, तर कितीही निरोप धाडले तरी दोन्ही बाजूंची पूर्ण खात्री होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. ते मी सांगितलं, तेव्हा वर्ग चिडला. मग त्यांनीच तोड काढली. शेवटची पोच धाडायची, ठरावीक वेळ थांबायचं, काही आलं नाही तर वही मिटायची. जोडणी बंद करताना संगणकही तेच करतो.