तार, चुंबक आणि पाव मिलिमीटर

(पडदा काळा. एकच रिफ, दोनदा.)

हा पहिला आवाज. आणि हा दुसरा.

पहिला गोधडीखालून आल्यासारखा. दुसऱ्यात पिक तारेला लागतो तो क्षणही ऐकू येतो. गिटार तीच, अ‍ॅम्पवरचं एकही बटण हललेलं नाही, वाजवणारा हातही तोच. मधल्या वेळात फक्त सहा तारा बदलल्या. उतरवलेला सेट मे महिन्यात चढवला होता. आता ऑगस्ट चालू आहे आणि आपण ठाण्यात आहोत.

(नौपाडा. जुन्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची खोली. भिंतीला टांगलेल्या गिटारी, टेबलावर दिवा.)

खाली गोखले रोडचे हॉर्न, वर ही दुरुस्तीची खोली. गणपती तोंडावर आले की इथे गर्दी होते. मंडळांचे कार्यक्रम, पाठोपाठ कॉलेजांचे फेस्टिव्हल. येणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "काका, टोन येत नाहीये. पिकअप बदलून टाकू या का?" पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांच्या कंपनाची वीज करणारा चुंबकाचा भाग. दुरुस्ती करणारे काका उत्तर देत नाहीत. तारेखालून बोट फिरवतात आणि बोट पुढे धरतात. काळं झालेलं असतं.

(तारेचा क्लोजअप. गुंडाळ्यांच्या फटीत साचलेला मळ.)

भिंग लावून बघितलं की प्रकार कळतो. जाड तार म्हणजे मध्ये पोलादी गाभा आणि त्याभोवती निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेचे घट्ट वेढे. वेढ्यांच्या फटीत घाम, त्वचेचा मळ आणि ठाण्याची दमट हवा, तिन्ही मिळून बस्तान बसवतात. तार जड होते, आणि सगळीकडे सारखी जड होत नाही. मग सगळ्यात आधी मरतात ते वरचे सूक्ष्म स्वर, ज्यांच्यामुळे आवाजाला चमक असते. मूळ सूर राहतो, धार जाते. बारीक तीन तारांना वेढे नसतात. त्यांच्यावर सरळ गंजाचे ठिपके येतात. असमान तार सुरातही धड राहत नाही. मोकळी वाजवली तर बरोबर, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर दाबली तर बेसूर. दोष मात्र बिचाऱ्या ट्युनरच्या माथी.

एका अंगाला खाडी आणि वर चार महिने पाऊस असलेल्या गावात तारेचं आयुष्य कमीच. वाजवून झाल्यावर सुक्या सुती कपड्याने तारा पुसल्या, खालच्या बाजूनेसुद्धा, तर फरक पडतो. पॉलिमरचा पातळ थर दिलेल्या तारा मिळतात. त्या महाग असतात, नव्या असताना किंचित कमी चमकतात, पण पावसाळ्यापुरता तो सौदा वाईट नाही.

आता जाडी. दुकानात 'नऊचा सेट', 'दहाचा सेट' म्हणतात, तो आकडा सगळ्यात बारीक तारेचा, इंचाच्या हजाराव्या भागात. दहा म्हणजे ०.०१० इंच, जेमतेम पाव मिलिमीटर. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या (थोडक्यात स्ट्रॅटच्या) मापाच्या, म्हणजे ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर दहाचा सेट सुरात लावला की मानेवर सगळा मिळून साधारण ४७ किलोंचा ताण येतो. नऊचा लावला तर ३९च्या आसपास. जाड तार तोच सूर द्यायला जास्त ताण मागते, पिकअपसमोर जास्त लोखंड हलवते, आवाज भरीव येतो. बारीक तार बोटांना सोपी, खेचायला सोपी. यात शहाणपणाचं उत्तर एकच, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

(उघडलेला जुना पिकअप. सहा चुंबकं, भोवती तांब्याची तार.)

हा निकामी झालेला सिंगल-कॉइल पिकअप. सहा चुंबकं, अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रणाची. त्यावरूनच त्यांना अल्निको म्हणतात. त्यांच्याभोवती ०.०६ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. चुंबक वरच्या पोलादी तारेला चुंबकत्व देतो. तार हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने हे तत्त्व १८३१ मध्ये दाखवलं. गिटारला ते लागू व्हायला शंभर वर्षं गेली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी नालाच्या आकाराची चुंबकं बसवलेली गिटार बाजारात आणली.

काकांनी आमच्यासाठी एक खेळ केला. इलेक्ट्रिक गिटारवर एक नायलॉनची तार चढवली.

(छेडतात. अ‍ॅम्पमधून काही नाही.)

काहीच नाही. तार कंपते आहे, जवळ कान नेला तर सूर लागतो आहे, आणि अ‍ॅम्प गप्प. पिकअपला हवा ऐकू येत नाही. त्याला हलणारं लोखंड कळतं, बस. अकूस्टिकच्या ब्राँझ तारा लावल्या तर तो फक्त आतला पोलादी गाभा ऐकतो, वरचे ब्राँझचे वेढे त्याच्या लेखी जवळजवळ नसतातच. म्हणून त्या जाड तारा इलेक्ट्रिकवर दबक्या वाजतात.

मग लाकडाचं काय? तारेच्या कंपनावर लाकडाचा थोडा परिणाम होतो, हे खरं. पण या एका विषयावर रात्रभर भांडणारी मंडळी पिकअपच्या बाजूचे दोन स्क्रू कधीच फिरवत नाहीत, आणि त्या दोन स्क्रूंचा परिणाम डोळे मिटून कळतो.

(स्क्रू-ड्रायव्हर. पिकअप हळूहळू वर येतो.)

पिकअप तारेच्या जवळ आला की आवाज मोठा आणि तिखट होतो. फार जवळ आला की चुंबकच तारेला ओढायला लागतो. सूर डगमगतो, जाड तारेवर वरच्या फ्रेटांना एकाच सुरातून दोन सूर निघाल्याचा भास होतो, आणि सस्टेन, म्हणजे सुराचं टिकणं, कमी होतं. खाली नेला तर आवाज लहान, पण मोकळा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि चुंबक यांच्यात साधारण २ मिलिमीटर अंतर, बारीक तारेकडे जरा कमी, ही चांगली सुरुवात. तिथून पुढे पाव-पाव मिलिमीटर, कानाने.

पिकअप कुठे बसवलाय, हेही तितकंच महत्त्वाचं. ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तार जिथे टेकते तिथे, ती फारशी हलत नाही. तिथे मूळ सूर कमी आणि वरचे सूक्ष्म स्वर तुलनेने जास्त, म्हणून ब्रिज पिकअप करकरीत. मानेजवळ तार ऐसपैस हलते, तिथे आवाज गोल. स्ट्रॅटचा मानेजवळचा पिकअप साधारण तारेच्या पाव लांबीवर येतो. मोकळ्या तारेतला चौथा सूक्ष्म स्वर नेमका त्याच जागी स्थिर असतो, त्यामुळे तो तिथल्या पिकअपला जवळपास ऐकूच येत नाही. त्या गोडव्याचं एक कारण हे.

(ट्रान्स हार्बर लोकल. पाठीवर बेसची बॅग घेतलेली मुलगी ठाण्याला उतरते.)

ही कोपरखैरण्याहून आली आहे. कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवते. तिचा बेस फेंडरच्या प्रिसिजन पद्धतीचा, चार तारांचा.

"काका, बँडमध्ये मी ऐकूच येत नाही."

"तारा कधी बदलल्यास?"

"बेसच्या पण बदलायच्या असतात?"

काका हसतात, पण तिचा प्रश्न अगदीच भाबडा नाही. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर प्रिसिजन बेस वाजवणारे जेम्स जेमरसन तारा तुटल्याशिवाय बदलत नसत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या तारा फ्लॅटवाउंड, म्हणजे वरचे वेढे चपट्या पट्टीचे, गुळगुळीत. शिवाय ब्रिजच्या झाकणाखाली फोम. तारांची चमक गेलेली, आणि नेमका तोच थप्प असा, खोल, लगेच विरणारा आवाज त्या गाण्यांचा कणा झाला. त्याच दशकात इंग्लंडमध्ये 'द हू' या रॉक बँडचे बेसवादक जॉन एन्टविसल यांना अगदी उलटं हवं होतं, पियानोसारखी खणखणीत खालची तार. गोल वेढ्यांच्या राउंडवाउंड तारा त्यांनी रोटोसाउंड कंपनीसोबत घडवून घेतल्या. म्हणजे मेलेली तार हा दोष आहे की शैली, हे बँडमध्ये बाकी कोण काय वाजवतंय त्यावर ठरतं.

हिच्या बँडमध्ये कीबोर्ड आहे, ढोलकी आहे, दोन गिटारी आहेत. ढोलकीची धुम आणि बेसचा थप्प एकाच जागी येतात. तिथे थोडी धार हवी. निर्णय राउंडवाउंड, निकेलच्या. स्टीलच्या आणखी चकचकीत असतात, पण फ्रेट लवकर खातात.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने आहे. तिच्या बेसला हम नाही.

(सरावाच्या खोलीतला अ‍ॅम्प. गुणगुण.)

ही गुणगुण तिच्या बँडमधल्या सिंगल-कॉइल गिटारची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि कॉइल म्हणजे एक बऱ्यापैकी अँटेनाच. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, अ‍ॅडॅप्टर, सगळं तिच्यात शिरतं. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही गुणगुण जवळजवळ जी सुरात लागते, जरा चढी. जी मध्ये गाणं असेल तर ती लपते, इतर वेळी डोकं उठवते.

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरच्या उपायाच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल शेजारी, एकीचे वेढे आणि चुंबकाची दिशा दुसरीच्या उलट. बाहेरून आलेला हम दोन्हींत विरुद्ध होऊन आपसांत कटतो, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हाच हमबकर. दोन कॉइल तारेचा जरा रुंद भाग ऐकतात, म्हणून काही वरचे स्वर बोथटतात आणि आवाज जाड येतो. फेंडरने १९५७ मध्ये प्रिसिजन बेसचा पिकअप दोन तुकड्यांत केला तोही याच युक्तीने, दोन तारांना एक तुकडा. जॅझ बेसवर दोन वेगळे सिंगल-कॉइल असतात, एक दुसऱ्याच्या उलट. दोन्हींचे आवाज पूर्ण उघडे असतील तर हम कटतो, एक थोडा खाली केला की गुणगुण परत येते. अनेक जण अ‍ॅम्प दुरुस्तीला टाकतात ते यामुळे.

पिकअप विकत घेताना किलो-ओहमचा आकडा बघून घेऊ नका. तो तारेचा रोध सांगतो, आवाज नाही. त्यापेक्षा आतले पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणांखालचे बदलते रोध, बघा. सिंगल-कॉइलला बहुधा २५० किलो-ओहमचे, हमबकरला ५०० चे. कमी ओहमचा पॉट कॉइलवर जास्त भार टाकतो आणि वरची चमक खातो. केबलही तेच करते. साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरड पकडा. गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, रंगमंचाच्या या टोकाहून त्या टोकाला दहा मीटर केबल टाकली की घरी ऐकलेला टोन तिथे मिळत नाही, आणि दोष सभागृहाचा नसतो. बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला ही अडचण जवळपास येत नाही.

(ब्रिज. काका सॅडल बोटाने चाचपतात.)

आता लोखंडी सामान. मराठी माणसाला ब्रिजचं महत्त्व खरं तर समजावून सांगायला नको. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा घासत घासत असा उतार देतात की तार त्याला हलकी शिवत राहते आणि सूर फुलतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारच्या सॅडलला, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला, याच्या उलट काम असतं. तार एका नेमक्या बिंदूवर संपली पाहिजे. तिथे खाच पडली, कड झिजली, की तार तिथे घासते आणि गिटार नको तिथे सतारीसारखी झणझणते. ही झिज बारीक कानशीने पाच मिनिटांत जाते. जड पितळी ब्रिज बसवला की सस्टेन वाढतो, अशी जाहिरात असते. फरक असतोही, पण तो ऐकायला शांत खोली लागते. ढोलकीसोबत तो खर्च वाया.

नटचा, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा, हिशोब वेगळा. तो फक्त मोकळ्या तारेच्या आवाजात बोलतो. फ्रेट दाबला की त्याचं काम संपलं. पण सुराचं निम्मं दुखणं तिथेच. ट्यून करताना 'टक्' असा आवाज आला, तर खाचेत तार अडकते आहे. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. नव्या ट्युनरचे पैसे वाचले तर चहा पाजा.

(बेसवर नव्या तारा. काका मान डोळ्यासमोर धरून बघतात.)

पावसाळ्यात लाकूड ओलावा घेतं आणि मान हलते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधल्या फ्रेटांवर काका फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवतात. पाव मिलिमीटरच्या जरा वर हवं, हिच्या बेसला बरंच जास्त आहे. मानेच्या आतल्या सळीला, ट्रस रॉडला, पाव फेरा. मग सॅडल: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा निघतोय, म्हणून सॅडल मागे. शेवटी पिकअपचा ई-ए कडचा तुकडा किंचित खाली, कारण जाड तारा बाकीच्यांना दाबत होत्या.

ती वाजवते. पहिल्याच सुराला मान वर करते.

"पिकअप नाही बदलायचा ना मग?"

"आत्ता नको. आज-उद्या तारा ताण खातील, सूर उतरेल, तेव्हा घाबरून चाव्या पिळत बसू नकोस. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदा ये, सॅडल परत बघू. आणि तो जॅक खरखरतोय, त्यात क्लीनरचा फवारा मारून देतो, थांब."